टॅबलेटचा काय दोष?

२०२५ सालच्या जून महिन्याची सुरुवात होती. मी आलापल्लीला एका मित्राकडे मुक्कामाला गेलो होतो. आलापल्ली हे गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी तालुक्यातले गाव. सागाच्या जंगलासाठी ते प्रसिद्ध आहे. माझे मित्र तिथे काळी-पिवळी जीप चालवतात. घरात त्यांची म्हातारी आई, पत्नी आणि एक मुलगी. मुलगी चंद्रपूरला मामूंकडे राहून उर्दू शाळेत शिकत होती. त्या वर्षी ती दहावी उत्तीर्ण झाली होती आणि सुट्टीत घरी आली होती.

मी पोहोचलो तेव्हा मित्र एक नवा टॅबलेट जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

"काय झालं?" मी विचारले.

"गुरुजी, दुकानदारानं फसवलं बघा," मित्र म्हणाले. "घरात वाय-फाय आहे. महिन्याचे पैसे भरतो. तरी हा टॅबलेट काही जोडला जात नाही. उद्या पहिल्या एस.टी.नं चंद्रपूरला घेऊन जातो आणि परत करतो."

"पण अब्बा, अर्जाला दोनच दिवस उरलेत!" मुलगी म्हणाली.

अर्ज होता अकरावीच्या प्रवेशाचा. त्या वर्षापासून संपूर्ण महाराष्ट्रात अकरावीचा प्रवेश ऑनलाइन झाला होता. पूर्वी मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांपुरतीच ही पद्धत होती. आता जंगलातल्या गावच्या मुलीलाही अर्ज संगणकावरच भरायचा होता. आलापल्लीहून चंद्रपूर शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर करत एस.टी. जाते. जायला-यायला एक दिवस मोडला असता, आणि उरला असता एकच.

मी काही तंत्रज्ञ नाही. आयुष्यभर मुलांना मराठी शिकवले. पण माझ्या घरी हाच घोटाळा दोन-तीनदा झाला होता आणि प्रत्येक वेळी मी आधी टॅबलेटलाच दोष दिला होता. म्हणून मी म्हणालो, "तो कागद सोडा बरं. आधी पाहू या, दोष कुणाचा आहे ते."

मुलांनो, पुढची हकिकत सांगण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ. तुमच्या घरून चंद्रपूरला जायचे असेल तर तुम्ही काय करता? अंगणातून पायवाटेने सडकेपर्यंत जाता. मग सडकेवरून एस.टी.ने पुढे जाता. पायवाट लहान, सडक लांब. पायवाटेवर काटे पडले असतील तर सडक चांगली असूनही तुम्ही अडता. आणि सडकेवरचा पूल वाहून गेला असेल तर पायवाट कितीही स्वच्छ असो, तुम्ही चंद्रपूरला पोहोचत नाही.

टॅबलेटचेही तसेच आहे. टॅबलेटपासून घरातल्या राउटरपर्यंत एक पायवाट आहे. ती काही मीटरांचीच असते आणि हवेतून जाते. राउटरपासून बाहेरच्या जगापर्यंत सडक आहे. ती शेकडो किलोमीटर लांब असते आणि बहुतेक ठिकाणी तारेतून जाते. आपण या दोन्हींना मिळून 'नेट' म्हणतो. नेट नाही, असे म्हणताना पायवाट बंद आहे की सडक, हे कुणी पाहत नाही. तिथेच सगळी चूक होते.

आता ही पायवाट कशी असते ते पाहू.

'बिनतारी' हा मराठीतला जुना शब्द. बिन म्हणजे वाचून. तुम्ही उर्दूत 'बे-तार' म्हणाल तर आम्हांला लगेच कळते, कारण 'तार' दोन्ही भाषांत एकच आहे. (पोस्टातून जी तार येत असे, ती मात्र आता येत नाही. ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.) तारेवाचून संदेश पाठवण्याचा एक आरंभीचा प्रयोग आपल्याच देशात झाला. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये लोकांसमोर विद्युत लहरी सोडल्या. त्या भिंतींमधून पलीकडे गेल्या आणि तिथली घंटा वाजली. लहर डोळ्यांना दिसली नाही, पण तिने काम केले.

राउटर हा असाच लहरी सोडणारा डबा आहे. तो साध्या प्रकारात सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावणाऱ्या लहरी सोडतो. या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडी जास्त. नव्या डब्यांतून दुसऱ्याही लहरी निघतात. त्या सेकंदाला ५०० कोटींहून अधिक वेळा कंप पावतात. त्यांची लांबी दोन-तीन बोटांच्या रुंदीएवढीच असते. त्या जास्त माहिती भरभर नेतात, पण भिंतीपलीकडे लवकर थकतात. म्हणून काही घरांत एकाच राउटरची दोन नावे दिसतात. डब्याजवळ बसायचे असेल तर दुसरी लहर घ्यावी, दूरच्या खोलीत पहिलीच बरी.

राउटर आपले नाव सतत पुकारत असतो. सेकंदाला सुमारे दहा वेळा! बाजारात भाजीवाला ओरडतो ना, तसे. टॅबलेट ती हाक ऐकतो आणि ऐकू आलेली नावे पडद्यावर यादी करून दाखवतो.

मी मुलीला म्हणालो, "बेटी, सेटिंग उघड. वाय-फाय चालू कर. कोणती नावं दिसतात?"

आम्ही आतल्या खोलीत बसलो होतो. तिने पाहिले. "सर, आपलं नाव कधी दिसतं, कधी जातं."

"राउटर कुठं आहे?"

राउटर होता बाहेरच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागे. दोन्ही खोल्यांच्या मध्ये टिनाच्या पत्र्याची भिंत होती. शेजारी पाण्याचा मोठा रांजण. आता तुम्हीच विचार करा! या लहरी मातीच्या, कुडाच्या भिंतीतून बऱ्यापैकी जातात. कवेलूच्या छपरातूनही जातात. पण धातूवर आपटल्या की परत फिरतात. आणि पाणी त्यांना पिऊन टाकते. पावसात भिजलेल्या पानांनी भरलेले झाड मध्ये असेल तरी लहर दुबळी होते. आमच्या राउटरची हाक आधी लोखंडाने अडवली, मग पत्र्याने परतवली, उरलीसुरली रांजणाने गिळली.

आम्ही राउटर उचलून दोन्ही खोल्यांना जवळ अशा उंच कोनाड्यात ठेवला. हे करताना एक काळजी घ्यावी लागते. राउटरला येणारी पांढरी किंवा पिवळी बारीक वायर दोरीसारखी मुडपू नये. तिच्या आत काचेचा धागा असतो. घडी घातली तर तो तुटतो.

राउटरवर दादींनी एक भरतकामाचा रुमाल झाकला होता. पाली आत शिरू नयेत म्हणून. डबा जागेवर बसताच त्यांनी तो रुमाल पुन्हा नीट पसरला. मी पाहिले, पण बोललो नाही. मोठ्या माणसांच्या रुमालाला हात कसा लावायचा! ही माझी चूक पुढे अर्धा तास महागात पडली.

टॅबलेटवर आता नाव ठळक दिसू लागले. मुलीने त्यावर बोट ठेवले. पडद्यावर पासवर्ड विचारणारी चौकट आली.

हा पासवर्ड कशासाठी? लहर भिंतीबाहेरही जाते. रस्त्यावरून जाणारा कोणीही तुमच्या राउटरला हाक मारू शकतो. म्हणून दाराला कडी लागते. तुम्हांला वाटेल की टॅबलेट हा पासवर्ड हवेतून राउटरला सांगत असेल. तसे झाले तर वाटेतला कोणीही ऐकेल. म्हणून एक गमतीची युक्ती काढली आहे. राउटर टॅबलेटला एक वाटेल तो मोठा आकडा पाठवतो. टॅबलेट आपलाही एक आकडा घेतो, त्यांत पासवर्ड मिसळून एक अवघड गणित करतो आणि आपला आकडा व गणिताचे उत्तर परत पाठवतो. राउटरजवळही पासवर्ड असतोच. तो तेच गणित करून पाहतो. उत्तर जुळले की दार उघडते. हवेतून आकडे गेले, उत्तर गेले, पण पासवर्ड गेलाच नाही. कडी लावण्याची १९९७ सालची पहिली पद्धत फार कच्ची होती. काही वर्षांतच लोकांनी ती उघडून दाखवली. मग २००४ मध्ये अधिक पक्की पद्धत आली. या पद्धतीत पासवर्ड निदान आठ अक्षरांचा लागतो. पासवर्ड जितका लांब, तितका तो ओळखणे कठीण. आणि हो, बसस्थानकावर बिनपासवर्डचे एखादे नाव दिसले तर लगेच खूश होऊन त्याला जोडू नका. जिथे कडीच नाही, तिथे घर कुणाचे तेही ठाऊक नसते.

मुलीने पासवर्ड टाकला. 'पासवर्ड चुकीचा आहे' असे उत्तर आले. पुन्हा टाकला. तेच.

"बघा गुरुजी! दुपारपासून असंच चाललंय," मित्र म्हणाले. "पासवर्ड बरोबर आहे. डब्याच्या खालीच छापलाय."

मी तो छापलेला कागद वाचला. असे पासवर्ड लिहिणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. इंग्रजी 'ओ' आणि शून्य सारखेच दिसतात. लहान 'एल' आणि एक यांत फरक दिसत नाही. शिवाय इंग्रजीत मोठी लिपी आणि लहान लिपी असते. आपल्या मराठीत ती नाही, तुमच्या उर्दूतही नाही. आपल्याला मोठा 'बी' काय आणि लहान 'बी' काय, एकच वाटतो. राउटरला ती दोन वेगळी अक्षरे वाटतात.

पण मुलीने ही सगळी अक्षरे बरोबर टाकली होती. मग चूक कुठे होती?

पासवर्ड लिहिताना पडद्यावर अक्षरे दिसत नाहीत, काळे ठिपके दिसतात. चौकटीच्या कडेला डोळ्याचे लहान चित्र असते. त्यावर बोट ठेवले की ठिपक्यांऐवजी अक्षरे दिसतात. मी तिला ते दाबायला सांगितले. अक्षरे दिसताच ती स्वतःच हसू लागली.

"सर, हिंदसे उर्दूतले आहेत!"

टॅबलेट घेतल्यावर तिने मोठ्या हौसेने त्यावर उर्दू कळफलक बसवला होता. मामूंना पत्र लिहायचे म्हणून. पासवर्डातली अक्षरे तिने कळफलक बदलून इंग्रजीत टाकली आणि आकडे टाकताना परत उर्दूकडे गेली. ठिपके काय, सगळे सारखेच! आपण माणसे उर्दूतला पाच पाहिला तरी पाच म्हणतो, देवनागरीतला पाहिला तरी पाच म्हणतो. यंत्राला मात्र ते दोन वेगळे आकार आहेत. पासवर्डासाठी, आणि पत्त्यांच्या आकड्यांसाठीही, इंग्रजी आकडेच लागतात. देवनागरी कळफलक वापरणाऱ्या मराठी मुलांचीही हीच फजिती होते.

तिने इंग्रजी आकडे टाकले. पडद्यावर शब्द आला : 'जोडले'. वरच्या कोपऱ्यात पंख्यासारखी खूण उमटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादींनी आतून गुळाचा खडा आणला.

मुलीने प्रवेशाचे संकेतस्थळ उघडले. पडदा पांढराच राहिला. एक गोल चक्र फिरत राहिले. पंख्याच्या खुणेजवळ एक लहानसे उद्गारचिन्ह होते. ते आमच्यापैकी कोणीही पाहिले नव्हते.

मित्रांनी वर्तमानपत्राकडे पुन्हा हात नेला. "म्हटलं नव्हतं का?"

मुलांनो, इथेच पायवाट आणि सडक यांचा फरक ओळखायचा असतो. पंख्याची खूण फक्त पायवाटेबद्दल सांगते. टॅबलेट आणि राउटर यांची ओळख पटली, एवढाच तिचा अर्थ. पुढची सडक चालू आहे असे ती कधीच सांगत नाही. सडक बंद असेल तर टॅबलेट बिचारा उद्गारचिन्ह काढून सांगण्याचा प्रयत्न करतो. आपण ते वाचत नाही आणि टॅबलेटलाच रागावतो.

पायवाट चालू आहे याची खात्री कशी करायची? त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. राउटरशी जोडणी झाली की तो टॅबलेटला एक क्रमांक देतो. मुसाफिरखान्यात गेल्यावर व्यवस्थापक खोलीचा क्रमांक देतो, तसा. हे क्रमांक बहुतेक घरांत १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होतात. प्रत्येक मुसाफिरखान्यात जशी पाच नंबरची खोली असते, तसे हे क्रमांक हजारो घरांत तेच असतात. त्याने काही बिघडत नाही, कारण ते घरापुरतेच असतात. राउटरचा स्वतःचाही असा एक क्रमांक असतो. तो त्याच्या खाली लिहिलेला सापडतो. आमच्या राउटरवर १९२.१६८.१.१ असे छापले होते. मुलीने तेच आकडे, या वेळी इंग्रजीत, पत्त्याच्या जागी टाकले. क्षणात राउटरचे स्वतःचे पान उघडले.

"पाहिलंत?" मी म्हणालो. "टॅबलेट राउटरपर्यंत गेला, त्याच्याशी बोलला आणि परत आला. पायवाट चालू आहे. टॅबलेट निर्दोष आहे."

"मग गुन्हेगार कोण?" मित्रांनी विचारले.

आता मात्र मी दादींची परवानगी मागून रुमाल उचलला. डबा चांगलाच तापला होता. त्याच्या तोंडावर चार-पाच दिवे होते. सगळे हिरवे, एक लाल.

राउटरला तारेतून प्रकाश येत नसला की हा लाल दिवा लागतो. होय, प्रकाशच. आपल्या घरात येणाऱ्या त्या बारीक वायरीतून वीज येत नाही, उजेड येतो. तिच्या आतला काचेचा धागा केसासारखा बारीक असतो. प्रकाश त्यात शिरला की काचेच्या कडांवर आपटत, वळणे घेत पुढे जातो आणि बाहेर पडत नाही. तो सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. एक हजार किलोमीटर जायला त्याला सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो. भारतात सर्वसामान्य माणसांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हा ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून येत असे आणि गोगलगाईच्या चालीने येत असे. २०११ साली केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत काचेच्या धाग्याचे जाळे नेण्याची योजना मंजूर केली. पुढे तिलाच 'भारतनेट' हे नाव मिळाले.

पण गडचिरोलीत हा धागा न्यायचा म्हणजे काय, याची कल्पना करा. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाने झाकलेला आहे. जिल्ह्याच्या गावापासून दक्षिणेच्या टोकाचे सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर दूर. वाटेत वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती यांच्या उपनद्या आणि असंख्य नाले. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. धागाही त्याच रस्त्यांच्या कडेने जातो. कुठे तो जमिनीखाली असतो, कुठे खांबांवरून. रस्ता रुंद करणारे यंत्र आले, धागा तुटला. वादळात फांदी पडली, धागा तुटला. शहरात एक वाट बंद झाली तर दुसरी वाट असते. जंगलात बऱ्याचदा एकच असते.

असाच प्रश्न हवाई बेटांवर एका प्राध्यापकांना पडला होता. त्यांचे नाव नॉर्मन अब्राम्सन. तिथे बेटाबेटांमध्ये जंगल नव्हते, समुद्र होता. विद्यापीठाचा संगणक एका बेटावर आणि विद्यार्थी इतर बेटांवर. अब्राम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओच्या लहरींवरून संगणक जोडले. अडचण अशी की दोघे एकदम बोलले तर कुणाचेच ऐकू येत नसे. त्यांनी नियम केला : संदेश पोहोचला नाही असे वाटले तर थोडे थांबा आणि पुन्हा बोला, पण प्रत्येकाने वेगवेगळा वेळ थांबा. वर्गात सगळे एकदम ओरडले तर गुरुजींना काय कळणार? आजच्या वाय-फायमध्ये हाच विचार पुढे नेला आहे. प्रत्येक टॅबलेट आधी कान देऊन ऐकतो, कोणी बोलत नसेल तरच बोलतो. म्हणूनच घरात पाहुणे आले आणि दहा फोन एकाच राउटरला जोडले की सगळ्यांचेच काम संथ होते. वाय-फायचे पहिले ठरीव नियम १९९७ मध्ये झाले आणि 'वाय-फाय' हे नाव १९९९ मध्ये पडले.

म्हणजे सडकसुद्धा हवेतून नेता येते. मोबाइलचा मनोरा हेच करतो. उपग्रहही करतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने 'स्टारलिंक' या उपग्रह कंपनीबरोबर एक इरादापत्र केले. त्यात गडचिरोलीचे नाव आहे.

आम्ही जूनमध्ये अडकलो होतो आणि आमच्यापुढे लाल दिवा होता. मित्रांनी जोडणी देणाऱ्यांना फोन लावला. उत्तर मिळाले : वादळाने तार तुटली आहे, माणूस दोन-तीन दिवसांत येईल. अर्जाला मात्र तेवढे दिवस नव्हते.

मग मुलीलाच सुचले. तिने विचारले, "सर, सडक तुटली असेल तर दुसऱ्या सडकेवर जाता येईल ना? अब्बांच्या फोनला मनोऱ्याची सडक आहे."

मला तिचे फार कौतुक वाटले. तिने दिव्यांची नावे पाठ केली नव्हती, पण दोन वाटांची गोष्ट तिला पुरती समजली होती. फोनमध्ये 'हॉटस्पॉट' नावाची सोय असते. ती चालू केली की फोन स्वतःच छोटा राउटर बनतो. तो आपले नाव पुकारतो, पासवर्ड विचारतो, क्रमांक देतो. टॅबलेटला काही फरक कळत नाही. फक्त पुढची सडक बदलते. यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. फोनची बॅटरी भराभर उतरते आणि फोनचा डेटा खर्च होतो. काम झाले की हॉटस्पॉट बंद करावा.

घरात मात्र फोनला मनोऱ्याची एकही रेघ दिसत नव्हती. छपरावरचा पत्रा इथेही आडवा आला. अंगणात विहिरीजवळ दोन रेघा दिसल्या. मुलीने फोन विहिरीच्या कठड्यावर ठेवताच दादी ओरडल्या, "अगं, आत पडेल तो! मग कोण उतरणार?" शेवटी बाज बाहेर काढली. फोन बाजेच्या उशाशी, टॅबलेट मुलीच्या मांडीवर. अंधार पडत आला होता. इतक्यात लाईन गेली. घरातले दिवे विझले, राउटर विझला, त्याचा लाल दिवाही विझला. फोन आणि टॅबलेट आपापल्या बॅटरीवर चालूच होते.

हॉटस्पॉटचे नाव यादीत आले. तिने पासवर्ड टाकला. डोळ्याच्या चित्रावर बोट ठेवून आकडे तपासले. पंख्याची खूण आली. या वेळी तिने उद्गारचिन्ह आहे का ते आधी पाहिले. नव्हते.

संकेतस्थळ हळूहळू उघडले. नाव, जन्मतारीख, शाळा, बैठक क्रमांक. पडताळणीचा आकडा वडिलांच्या फोनवर आला. तो तिने मोठ्याने वाचला, कारण मित्रांना चष्मा सापडत नव्हता. मग महाविद्यालयांच्या पसंतीची यादी. तिने पहिली पसंती कोणती द्यावी यावर बाप-लेकीत थोडा वाद झाला. त्यात मी पडलो नाही. डास चावत होते. दादी लिंबाचा पाला जाळून धूर करत होत्या आणि मधूनमधून विचारत होत्या, "गेला का अर्ज? कुठपर्यंत गेला?"

साडेआठच्या सुमारास अर्ज जमा झाला. पडद्यावर अर्जाचा क्रमांक आला. मुलीने तो टॅबलेटमध्ये साठवला आणि शिवाय वहीत पेनाने लिहून घेतला. एकदा उर्दू आकड्यांत, एकदा इंग्रजीत.

तिसऱ्या दिवशी मी निघायच्या तयारीत असताना तार जोडणारा माणूस आला. गावाबाहेर मोहाची एक फांदी खांबावर पडली होती आणि धागा तुटला होता. मुलगी त्याच्याबरोबर पाहायला गेली. मीही गेलो. त्याच्याजवळ शिवणयंत्राच्या डब्याएवढी एक पेटी होती. त्याने काचेच्या धाग्याची दोन्ही टोके सोलली, पुसली, सरळ कापली आणि पेटीत समोरासमोर ठेवली. पेटीच्या पडद्यावर ती दोरखंडासारखी जाड दिसत होती. एक बारीक ठिणगी पडली. काच वितळून एक झाली. "झालं," तो म्हणाला आणि त्याने सांध्यावर नळी चढवली.

आम्ही घरी आलो तेव्हा कोनाड्यातला दिवा हिरवा झाला होता. दादी रुमालाची घडी हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तार जोडणाऱ्या माणसाला विचारले, "भाऊ, आता झाकू का याला?"

"झाकू नका अम्मा, तापतो तो," तो म्हणाला. "खाली अंथरा."

दादींनी डबा उचलायला लावला, रुमाल खाली अंथरला, भरतकामाचा काठ पुढे दिसेल असा नीट ओढला आणि मग त्याला चहा दिला.